तिसऱ्या ओळीतली डावीकडून दुसरी

सर्व संबंधितांस, म्हणजे ज्यांना डोळे आहेत अशा सर्वांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की हिरोइनकडे बघणे आजपासून बंद. तिच्याकडे बघायला कॅमेरा आहे, दिवे आहेत, शिवाय तो कोटातला हिरो आहे. आपण सज्जन माणसांनी बघायचं ते तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरीकडे.

हा फतवा माझा नाही, आमच्या समोरच्या घरातल्या काकांचा आहे. माकडटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, एका कानाला लोंबणारा मास्क आणि उजव्या हातात विणकामाची सुई अशा थाटात ते गॅरेजमध्ये उभे राहायचे आणि हे जाहीर करायचे. मागच्या भिंतीवर माझी पांढरी चादर ताणलेली असायची. त्या चादरीवर नव्वद वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पोरी पिसांचे पंखे हलवत भल्यामोठ्या जिन्यावरून उतरत असायच्या. चादरीला एक हळदीचा डाग होता. सगळ्या पोरी त्या डागातून जाताना क्षणभर पिवळ्या व्हायच्या.

ऑस्ट्रेलियातलं आमचं टार्निट तुम्ही बघितलं नसेल तर फार काही हुकलेलं नाही. नवी घरं, नवी कुंपणं, हातभर उंचीची झाडं आणि मेलबर्नला जायचं तर गाडीत बसून निम्मं आयुष्य घालवायचं. आमच्या गल्लीचा शेवट मात्र देखणा आहे. रस्ता संपतो तिथे बशीसारखा गोल होतो आणि त्या गोलाभोवती सहा घरं समोरासमोर तोंड करून बसलेली आहेत. अशा बंद गल्लीला इथे कोर्ट म्हणतात. सहांपैकी पाच घरं बैठी. एकच दुमजली, ते काकांच्या मुलाचं, निखिलचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांना डावं-उजवं सांगणं हा माझा धंदा. लॉकडाऊन लागला आणि शिकवण्या बंद झाल्या. तेव्हा मी आमच्या ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या गाडीत नुसती बसायला लागले. घरात नवऱ्याच्या मीटिंगा, लेकीचे ऑनलाइन वर्ग. गाडीत निदान माझी सीट माझी होती. अशाच एका दुपारी एक गृहस्थ फुटपाथवर दीड मीटरचं अंतर मोजूनमापून राखत उभे राहिले आणि मास्कच्या आतून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे पडदा मिळेल का? थोर कलेसाठी हवाय."

थोर कला म्हणजे बोलपट नुकते बोलायला लागले होते त्या काळातले इंग्रजी नाचगाण्यांचे सिनेमे. त्यातल्या गोष्टीशी काकांना कर्तव्य नव्हतं. गाणं संपलं आणि हिरो बोलायला लागला की ते सरळ पुढे ढकलायचे. त्यांना हवे असायचे ते मधले अवाढव्य नाच. शंभर पोरी, एकाच मापाच्या, एकसारखं हसणाऱ्या. त्यांचा केक व्हायचा, त्यांचं कारंजं व्हायचं, त्यांचा पियानो व्हायचा. मग कॅमेरा वर वर जायचा. स्टुडिओच्या छताला भोक पाडून तो चढवत म्हणे. वरून बघितलं की पोरी नाहीशा व्हायच्या आणि काळ्या चकचकीत जमिनीवर एक पांढरं फूल उमलायला लागायचं.

"रांगोळी," काका म्हणायचे. "काढायची बसून, बघायची उभं राहून. ठिपक्याला बिचाऱ्याला कुठे ठाऊक असतं आपण कमळात आहोत ते."

पुण्यात पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा नोकरीचा जन्म गेला होता. सगळं जग त्यांनी वरूनच पाहिलं होतं. नातवाच्या बारशाला म्हणून तीन महिन्यांसाठी दोघं आले, विमानं बंद झाली, आणि नातू चालायला लागला तरी इथेच होते.

दोघं म्हणजे काका आणि काकू. त्या पहिल्या हिवाळ्यात काकू गॅरेजमध्ये खुर्ची टाकून विणत बसायच्या. काकांना पडद्यावर काही दाखवायचं असलं की ते त्यांच्या हातातली एक सुई उपसून घ्यायचे. "अहो, माझे टाके सुटतात," असं त्या म्हणेपर्यंत सुई पडद्यावर पोचलेली असायची. काकूंची नजर ही एक वेगळीच वस्तू होती. जगातली कुठलीही चूक त्यांना आपण होऊन दिसायची, शोधावी लागायची नाही. माझ्या गाडीवरची एल पाटी तिरकी आहे हे त्यांनी रस्त्यापलीकडून सांगितलं. शेजारचा गुरप्रीत ट्रक चालवतो. त्याची पगडी बांधताना आज घाई झालेली दिसते, असं त्या हिंदीत म्हणाल्या आणि तो आरशात बघायला घरात पळाला.

व्यायामाला बाहेर पडायची मुभा तासभर होती. आमच्या कोर्टातल्या बऱ्याच जणांचा व्यायाम काकांच्या गॅरेजसमोर उभं राहून संपायचा. शेजारची शॅरन स्वतःच्या ड्राइव्हवेवर घडीची खुर्ची आणि चहाचा मग घेऊन बसायची. ती सत्तरीची, एकटी. काका तिला "शॅरनबाई" म्हणायचे आणि ती काकांना "डार्ल", म्हणजे अर्धं डार्लिंग, म्हणायची. दोघांनाही दुसऱ्याचं निम्मंच कळायचं, तेवढ्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

आणि रोज, नेमक्या एका ठिकाणी, काका ओरडायचे, "थांबवा."

निखिल लॅपटॉपवर बोट दाबायचा. जिन्यावरच्या पोरी गोठायच्या. काका सुईचं टोक तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरीवर ठेवायचे.

"आता सगळ्या उजवीकडे वळणार. ही डावीकडे. नीट बघा, डोळा मिटला तर गेलं. चालू करा."

पोरी वळायच्या. आणि खरंच, ती एकटी डावीकडे वळायची. तिला कळायचं. ती एका ठेक्याने मागे पडून सगळ्यांना गाठायची आणि मग हसायची. बाकीच्या मघापासून हसतच होत्या, पण त्यांचं हसू पावडरीबरोबर लावलेलं होतं. हिचं आतून फुटलेलं.

"दिवस मंदीचे," काका आम्हाला सांगायचे. "बाहेर लोक ब्रेडसाठी रांगेत. यातल्या निम्म्या पोरी सकाळी काही न खाता आल्या असतील. चुकलं तर उद्याचं काम जाईल अशी भीती. आणि ही चुकते आणि हसते. हिचं नाव कुठेही नाही, मी सगळीकडे शोधलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तुमचं हिच्यावर प्रेम आहे हे काकूंना माहीत आहे का?"

काका एकदम गंभीर झाले. "हिनंच तर दाखवली मला."

तो किस्सा मी त्या दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की मला वाटतं मीही तिथे होते. लग्न ठरलं होतं. पुण्यात लष्कर भागातल्या एका टॉकीजला रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. होणाऱ्या बायकोला घेऊन जायला काकांना परवानगी मिळाली, पण पाठराखीण म्हणून काकूंची थोरली बहीण बरोबर. ती अर्थातच मधल्या खुर्चीत बसली.

"ताईच्या मांडीवर चिवड्याचा डबा," काका सांगायचे.

"चिवडा नव्हता, चकल्या होत्या," काकू विणता विणता.

"चकल्या. तर आमच्या दोघांच्या मध्ये ताई आणि चकल्या. ही तोपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. मला वाटलं, मुकी आहे आणि घरच्यांनी लपवलंय. पडद्यावर हा नाच सुरू झाला. सगळं थिएटर हिरोइनकडे बघतंय. आणि ही एकदम मोठ्यांदा ओरडली, ताई, ती बघ, चुकली."

थिएटर हसलं. पुढच्या रांगेतल्या एका पारशी आजोबांनी वळून बघितलं. ताईने बहिणीच्या दंडाला चिमटा काढला आणि स्वतःच पदर तोंडाशी धरून इतकी हसली की चकल्या खाली गेल्या.

"त्याच दिवशी मी ठरवलं," काका म्हणायचे, "की हिच्या नजरेखाली जन्म काढायचा म्हणजे जपून राहावं लागणार."

"राहिलात का?" काकू.

एवढं बोलून त्या हात पुढे करायच्या आणि काका निमूटपणे सुई परत द्यायचे.

दुसऱ्या वर्षी पुण्यातून वाईट बातम्या यायला लागल्या. ते दिवस तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. आमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तेव्हा तिकडच्या कुणाचा तरी श्वास अडकलेला असायचा. काकूंची ताई चार दिवस हॉस्पिटलात होती आणि गेली. जाणं शक्य नव्हतं. अंत्यविधी त्यांनी फोनवर बघितला, तोही अर्धाच, मग तिकडचा फोन बंद पडला.

त्यानंतर काकू वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेल्या त्या खाली आल्या नाहीत. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. जेवण नेलं तर थोडं जेवायच्या, नातू नेला तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. "हं" आणि "नको" एवढे दोनच शब्द उरले. डॉक्टर फोनवर बोलले, गोळ्या आल्या. वेळ द्या, असं सगळे म्हणत होते. खिडकी कोर्टाकडे होती, पण त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

एका सकाळी काका फुटपाथवरून जाताना मला दिसले. स्वेटर उलटा होता. शिवणी बाहेर, गाठी बाहेर. मी गाडीची काच खाली केली आणि सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तीन दिवस असाच घालतोय. तिच्यासमोरून दहादा गेलो. काल एका पायात निळा मोजा, एका पायात काळा. परवा चहात मीठ घालून नेलं." ते थांबले. फुटपाथच्या कडेला उगवलेल्या गवताकडे बघत राहिले. "प्यायली, बाई. काही बोलली नाही."

गाडी शिकवणाऱ्या माणसाला शेजारच्या सीटवर बसलेल्याची भीती ओळखता येते. पाय ताठ होतात, बोलणं बारीक होतं. काका उभे होते, पण मला त्यांचे पाय दिसत होते.

आठवड्याभराने त्यांनी आम्हा सगळ्यांना कोर्टात बोलावलं, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या ड्राइव्हवेच्या टोकाशी. मध्ये मोकळा गोल. काका आपल्या ड्राइव्हवेवर, हातात सुई. सुई आता काकूंकडून उपसावी लागत नव्हती. विणकाम टोपलीत तसंच पडलं होतं.

त्यांचं म्हणणं असं: सहा घरं, सहा ड्राइव्हवे, मध्ये गोल. हे वरून काय दिसतं? फूल दिसतं. सहा पाकळ्यांचं. मग आपण नाच का करू नये? ज्याने त्याने आपल्या जागेत राहायचं, नियम मोडायचा प्रश्नच नाही. सगळे पुढे आले की फूल मिटणार, मागे गेले की उमलणार. हातात प्रत्येकाच्या स्टीलची थाळी. ऊन पडलं की चमकणार.

"थाळ्या वाजवायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. "वाजवून झाल्या. या फिरवायच्या."

माझ्या नवऱ्याने इंजिनिअरला शोभेल असा प्रश्न विचारला. आपण सगळे खाली, मग हे फूल आपल्याला दिसणार कसं? गुरप्रीत म्हणाला, त्याच्या मेहुण्याकडे ड्रोन आहे. काकांनी मान हलवली. मशीन नको, बघणारं माणूस पाहिजे. मग त्यांनी सुई वर केली. दुमजली घराच्या त्या एकाच खिडकीकडे.

"थिएटरात एकच सीट आहे," ते म्हणाले. "ती भरली पाहिजे."

मग शॅरनने विचारलं की तिच्याकडे थाळी नाही, पिझ्झाचा ट्रे चालेल का. नाच ठरला.

तालमींबद्दल मी काय सांगू. गोड बोलणारा हा म्हातारा हातात सुई आली की हवालदार व्हायचा. ड्राइव्हवेवर खडूने ठिपके काढले होते, पाय ठिपक्याबाहेर गेला की नावाने पुकारा. माझ्या गाडीचे दरवाजे उघडे टाकून तिच्या स्पीकरवर जुन्या बँडचं एक वाद्यसंगीत लावायचं, नुसत्या तुताऱ्या आणि ठेका. गाण्याला शब्द नकोत, म्हणजे कुणी गुणगुणणार नाही, हे काकांचं शास्त्र. अडचण एकच होती, ती म्हणजे गिरकी. समोरासमोर उभी असलेली माणसं उजवं-डावं म्हटलं की हमखास गोंधळायची. शेवटी काका म्हणाले, स्वतःभोवती प्रदक्षिणा घाला. देशी मंडळींना बरोबर कळलं. शॅरनला मी समजावलं की राउंडअबाउटमध्ये गाडी फिरते तसं. तिलाही कळलं. इथली वाहतूक आणि आपले देव एकाच दिशेने फिरतात ही गोष्ट माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती.

एकदा पोलिसांची गाडी हळूहळू येऊन थांबली. सहा ड्राइव्हवेंवर मास्क घातलेली माणसं थाळ्या छातीशी धरून उभी. खिडकीतून एका तरुण पोलिसाने बराच वेळ आमच्याकडे बघितलं. सगळे आपापल्याच जागेत आहेत ना, असं विचारलं. हो म्हटल्यावर तो म्हणाला, "नो वरीज," आणि गोलाला पूर्ण वळसा घालून गेला. काकांनी मागून शेरा मारला की दिशा बरोबर होती.

सगळ्यांची चूक त्यांना दिसायची आणि कुठलीच चालायची नाही. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "काका, तुमची लाडकी तर चुकलेलीच आहे. मग आमच्यावर एवढी सक्ती का?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या ड्राइव्हवेच्या हद्दीपर्यंत आले. "एकाला चुकायचं असलं तर बाकीच्यांनी बरोबर असावं लागतं, बाई. सगळेच चुकले तर तो बाजार. चूक दिसायला फूल आधी नीट पाहिजे." मग आवाज आणखी खाली. "दुसऱ्या गिरकीला तुम्ही उलट्या फिरा. तुमचा धंदाच डाव्या-उजव्याचा. तुम्ही चुकलात तर तिला दिसल्याशिवाय राहायचं नाही. कुणाला सांगू नका."

इतक्या महत्त्वाच्या भूमिकेसाठी माझी आजवर कुणी निवड केली नव्हती. मी बाथरूमच्या आरशासमोर उलटं फिरायचा सराव केला. सई, माझी लेक, दार वाजवून म्हणाली, "मम, आर यू ओके इन देअर?"

नाच रविवारी दुपारी होता. शॅरनच्या भाषेत संडे आर्वो. थंडी बोचरी, पण ऊन लख्ख. वर निखिलच्या बायकोने, ऋजुताने, काकूंना उठवून खिडकीशी खुर्चीत बसवलं, खिडकी सरकवली आणि स्वतः त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. खालून आम्हाला काकूंचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते. बघत मात्र नव्हत्या. बंद टीव्हीसमोर माणूस बसतं तशा बसल्या होत्या.

तुताऱ्या वाजल्या. सांगते तुम्हाला, आम्ही सुंदर नाचलो. गुरप्रीत आणि त्याची बायको, शॅरन आणि तिचा ट्रे, कधी हात न हलवणारा माझा नवरा, सगळे एका ठेक्यात पुढे, एका ठेक्यात मागे. थाळ्या वर गेल्या तेव्हा समोरच्या घरांच्या भिंतींवर उन्हाचे तुकडे पळाले. पहिली गिरकी अचूक. दुसरी गिरकी आली आणि मी, ठरल्याप्रमाणे, ऐटीत, उलटी फिरले.

सई बाजूलाच होती. "मम, यू हॅड वन जॉब."

समोरून गुरप्रीतने कपाळाला हात लावला. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की पुढचे दोन दिवस मला चहा मिळणार नाही हे कळलं. मी वर बघितलं. काकू तशाच. त्यांच्या शेजारून ऋजुताने हळूच मान हलवली. नाही.

गाणं संपलं. काका आपल्या ड्राइव्हवेवर सुई उंच धरून उभे होते, ती खाली आली. उलटा स्वेटर, वेगवेगळे मोजे, खारट चहा आणि आता मी. काकूंच्या नजरेला खोटी चूक लागतच नव्हती. त्या नजरेच्या लेखी ती चूक नव्हतीच. हे मला त्या क्षणी कळलं, आणि काकांनाही कळलं असावं, कारण ते एकदम म्हातारे दिसले.

शॅरनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, काका माझ्यावर चिडलेत. ती म्हणाली, "वन मोअर टाइम, डार्ल?"

काकांनी सुई खिशात ठेवली. कुंपणाला टेकवून ठेवलेली एक जास्तीची थाळी उचलली आणि ते निखिलच्या डावीकडे, एका मोकळ्या ठिपक्यावर जाऊन उभे राहिले. मला त्यांनी खूण केली. मी गाडीत वाकून गाणं पुन्हा लावलं.

थांबवा.

हो, इथेच. काकांकडून शिकले मी हे. नेमक्या ठिकाणी थांबवल्याशिवाय बघणाऱ्याचा डोळा जागा होत नाही.

पुढे विमानं सुरू झाली आणि काका-काकू पुण्याला गेले. विमानतळावर मीच सोडलं त्यांना, माझ्या शिकवणीच्या गाडीतून. काकू मागे बसल्या होत्या आणि मी लेन बदलताना आरसा उशिरा बघितला हे त्यांनी दोनदा सांगितलं. सुई त्यांनी आधीच मागून घेतली होती. सामान उतरवताना मी काकांना बाजूला गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?

काकांना राग आला. खराखुरा. "मुद्दाम? तालीम तुम्हा सगळ्यांची झाली होती, बाई. माझी कुठे झाली होती? मी तर सुई धरून उभा होतो."

सहा घरांना ठिपक्यावर उभं करणारा माणूस स्वतः एकदाही नाचला नव्हता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या, त्याच्या स्वतःच्याही, ध्यानात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी काका गेले. काकूंनीच फोन करून सांगितलं, सरळ आवाजात. सगळं नीट झालं म्हणाल्या, निखिल वेळेवर पोचला. फक्त गडबडीत त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती, ती त्यांनी सगळ्यांसमोर सोडून पुन्हा लावली.

निखिल आणि ऋजुता दुसरीकडे राहायला गेले, त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. गॅरेजमध्ये गाडी असते. माझी चादर मी परत आणली आहे, हळदीच्या डागासकट. कधी घरी एकटी असले की लॅपटॉपवर तो जिना लावते. हिरोइनकडे बघत नाही.

तर आता चालू करा.

तुताऱ्या वाजतात. आम्ही पुढे जातो, फूल मिटतं. मागे येतो, फूल उमलतं. थाळ्या वर. काका आमच्यात आहेत, पण त्यांची नजर ना निखिलकडे, ना ठिपक्याकडे. मान मागे टाकून ते फक्त त्या खिडकीकडे बघतायत. गिरकी येते. सहा घरं प्रदक्षिणेला निघतात आणि काका उलटे फिरतात. त्यांची थाळी निखिलच्या थाळीवर आपटते, अख्ख्या कोर्टात खण्णकन आवाज होतो. माकडटोपी डोळ्यांवर येते. टोपी सावरत, एका पायावर लंगडी घालत, एका ठेक्याने मागे पडून ते आम्हाला गाठतात, आणि वर बघून हसतात. तुम्ही ते हसू बघितलेलं नाही, पण मी बघितलं होतं, चादरीवर, तिसऱ्या ओळीत.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू उभ्या होत्या. दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून बाहेर वाकल्या होत्या. ऋजुता त्यांच्या उजव्या हाताला होती, पण त्या वळल्या डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेला कोपर मारून सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगं ताई, बघ, हे चुकले!"